शाळकरी मुलांच्या पोटातले जंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांची डॉक्टर म्हणून जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही पालकांचे आहेत, काही शिक्षकांचे आणि दोन-तीन खुद्द मुलांचे.

एक जंत झाला की पोटात त्याचे दहा होतात, हे खरं का?

नाही. पुढची निम्मी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून सुरुवात इथूनच करते.

गोलजंताची मादी दिवसाला साधारण २ लाख अंडी घालते. पण त्यातलं एकही अंडं त्याच पोटात फुटून त्याचा जंत होत नाही. अंडी शौचावाटे बाहेर पडतात आणि ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे मुरतात. तेवढ्या काळात आत अळी तयार होते आणि मगच ते अंडं कुणाला तरी लागण करू शकतं. त्यामुळे ताजी शी आणि जुनी माती यांत जास्त धोका मातीचा, हे ऐकून बरेच जण चक्रावतात.

याचा सरळ अर्थ असा की पोटात वीस जंत असतील, तर वीस अंडी बाहेरून तोंडात गेलेली असतात. पोट ही जंतांची शेवटची मुक्कामाची जागा. त्यांचा कारखाना बाहेर, मातीत चालतो.

जंत म्हणजे नेमके कोणते?

शाळकरी वयात मुख्यतः चार. गोलजंत गांडुळासारखा, फिकट गुलाबी, १५ ते ३५ सेंटिमीटर लांब. व्हिपवर्म चार-एक सेंटिमीटरचा, एक टोक चाबकाच्या दोरीसारखं बारीक. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात डोकं खुपसून बसतो. हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, जेमतेम एक सेंटिमीटर, पण रक्त पितो. आणि पिनवर्म, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा. पहिले तिघे मातीतून येतात. चौथ्याला मातीची गरज नसते, म्हणून त्याचं उत्तर वेगळं दिलं आहे. चपटे फीतकृमी हा निराळा विषय आहे आणि त्यांची औषधंही निराळी.

मातीतून येणारे जंत जगभरात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा आपल्याच मुलाला कसे झाले म्हणून लाजायचं कारण नाही.

अंडं गिळल्यावर पुढे काय होतं?

गोलजंताचा प्रवास विचित्र आहे. अळी आतड्यात बाहेर येते, पण तिथे थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तिथे दहा ते चौदा दिवस वाढते, श्वासनलिकेतून वर सरकत घशाशी येते आणि मूल तिला पुन्हा गिळतं. मग ती आतड्यात मुक्काम करते. अंडं गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात.

हे माणसात खरोखर घडतं हे दाखवण्यासाठी १९२२ साली शिमेसु कोइनो या जपानी डॉक्टरने गोलजंताची २००० अंडी स्वतः गिळली. पुढे त्याला न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. लागण झाल्यावर काही मुलांना आठवडा-दीड आठवडा कोरडा खोकला येतो, धाप लागते, तो याच वाटचालीचा. त्या दिवसांत शौच तपासलं तर काही सापडत नाही, कारण अंडी घालणारा जंत अजून तयारच झालेला नसतो.

अनवाणी चालल्याने जंत होतात का?

गोलजंत नाहीत. हुकवर्म मात्र होतात, आणि तेही तोंडाच्या वाटेने नाही. त्याच्या अळ्या ओल्या मातीत तीन-चार आठवडे जिवंत राहतात आणि पायाच्या कातडीतून थेट आत शिरतात. बोटांच्या बेचक्यात खाज, बारीक लाल पुरळ, एवढीच काय ती खूण.

हा शोध अपघाताने लागला. आर्थर लूस नावाचा जर्मन संशोधक १८९० च्या दशकात कैरोमध्ये हुकवर्मच्या अळ्यांवर काम करत होता. अळ्या असलेल्या पाण्याचे थेंब त्याच्या हातावर सांडले. हात खाजू लागला, लाल झाला. पुढे काही आठवड्यांनी स्वतःच्याच शौचात त्याला हुकवर्मची अंडी दिसली. अळ्या कातडीतून शिरतात हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शाळेच्या मैदानाकडेच्या झुडपात मुलं शौचाला बसत असतील आणि त्याच मैदानावर बूट काढून खेळत असतील, तर मला लूसचा हात आठवतो.

गोड खाल्लं की जंत होतात?

नाही. दात किडतात.

झोपेत दात खातो, लाळ गळते, चेहऱ्यावर पांढरे डाग आहेत. जंतच ना?

बहुधा नाही. झोपेत दात खाणं या वयात फार मुलांमध्ये दिसतं आणि त्याचा जंतांशी पक्का संबंध सिद्ध झालेला नाही. गालावरचे फिकट, किंचित कोरडे डाग हा त्वचेचा सौम्य विकार असतो; मॉइश्चरायझर लावून आणि वाट पाहून जातो. लाळेचं कारण बऱ्याचदा बंद नाक, कारण मूल तोंड उघडं ठेवून झोपतं. आजीचं निदान मी सहसा खोडून काढत नाही, पण इथे काढते. या तीन खुणांवर भरवसा ठेवून दर महिन्याला जंताचं औषध पाजणारी घरं मी पाहिली आहेत.

मग ओळखायचं कसं?

पोटात चार-पाच जंत असतील तर बहुतेकदा काहीच दिसत नाही. मूल खेळतं, खातं, हसतं. त्रास होतो तो संख्येमुळे. खूप गोलजंत असतील तर पोट नगाऱ्यासारखं दिसतं, अधूनमधून बेंबीभोवती दुखतं, भूक मंदावते. व्हिपवर्म खूप झाले तर शौचातून आव आणि रक्त पडतं, कुंथून कुंथून कधीकधी गुदाशयच बाहेर डोकावतो.

हुकवर्मचं गणित मात्र पालकांना कागदावर मांडून दाखवते. त्याच्या दोन मुख्य जातींपैकी जी जास्त रक्त पिते, तिचा एक जंत दिवसाला ०.२ मिलिलिटरच्या आसपास रक्त घालवतो. एकाने काही होत नाही. पण पंचवीस जंत म्हणजे रोज ५ मिलिलिटर, एक चहाचा चमचा. हा चमचा दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने सांडत राहतो. वाढत्या अंगाच्या मुलाला इतकं लोह अन्नातून भरून काढणं जड जातं. मग डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते, मूल जिना चढताना थांबतं, मैदानात कडेला बसतं, वर्गात पेंगतं. शिक्षक म्हणतात ‘आळशी आहे’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही हाच शिक्का होता. तिथल्या वर्तमानपत्रांनी हुकवर्मला ‘आळसाचा जंतू’ म्हणून टाकलं होतं. १९०९ मध्ये रॉकफेलर कुटुंबाच्या पैशावर तिथे मोहीम सुरू झाली, तेव्हा तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांत हुकवर्म निघाला.

शौचात जंत दिसला नाही, म्हणजे नाहीतच ना?

असं म्हणता येत नाही. हुकवर्म आणि व्हिपवर्म आतड्याला चिकटून असतात, ते सहसा दिसतच नाहीत. गोलजंत कधीतरी एखादा पडतो आणि मग घरात हलकल्लोळ होतो.

एकदा एक आई स्टीलच्या डबीत जंत घेऊन आली होती. डबीवर झाकण, झाकणावर रबर, त्यावर पिशवी. उघडली तर आत वीत-दीड वीत लांबीचा जंत वेटोळं घालून पडलेला, आणि सात वर्षांचा मुलगा माझ्या टेबलाला टेकून विचारतोय, “अजून किती आहेत?” प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर शौचाच्या तपासणीतून मिळतं. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजतात आणि एक ग्रॅम शौचात किती, याचा हिशेब लावतात. गोलजंताची ५००० पेक्षा कमी असतील तर लागण हलकी, ५०,००० किंवा त्याहून जास्त असतील तर भारी. एका दिवसाच्या नमुन्यात अंडी सुटू शकतात, म्हणून शंका असेल तर दुसरा नमुना द्यावा. आणि जंत डबीतून आणण्याबद्दल लाजू नका. फोटोवरून गांडूळ की गोलजंत हे सांगणं खरंच अवघड जातं.

मुलगी रात्री शी-ची जागा खाजवते, झोप लागत नाही. हे काय?

हा पिनवर्म. मातीचा काही संबंध नाही. घर कितीही लख्ख असो, होतो. मूल झोपलं की मादी गुदद्वाराबाहेर येते आणि भोवतालच्या कातडीवर हजारो अंडी चिकटवते. खाज सुटते, मूल खाजवतं, अंडी नखात जातात आणि नखं तोंडात. ही अंडी चार ते सहा तासांत तयार होतात, म्हणजे रात्री घातलेली सकाळच्या न्याहारीपर्यंत लागण करायला सज्ज. चादर, उशी, खेळणी, बाकाची कड यांवर ती दोन-तीन आठवडे टिकतात. अंडी बाहेरून तोंडात जायला लागतात हे इथेही खरंच आहे, फक्त बाहेरचा रस्ता हातभर लांबीचा आहे.

नेहमीच्या शौच तपासणीत पिनवर्म बहुधा सापडत नाही. सकाळी उठल्याबरोबर, शौचाला किंवा अंघोळीला जाण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागेवर हलकेच दाबायची आणि काचपट्टीवर लावून तपासायला द्यायची. लागोपाठ तीन सकाळी केलं तर बहुतेकदा सापडतोच. किंवा मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन बघा, पांढरे दोरे हलताना दिसतील. जपानमधल्या शाळा अशी चिकटपट्टीची तपासणी वर्षानुवर्षं करत होत्या. लागण नगण्य झाल्यावर २०१६ मध्ये ती सक्ती उठली.

औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण गोळी जंत मारते, अंडी नाही. गरोदर किंवा अगदी तान्हं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी चादरी, चड्ड्या, टॉवेल गरम पाण्यात धुवा. चादर झटकू नका, अंडी उडतात. मुलाला सकाळी अंघोळ घाला, नखं कापा, रात्री घट्ट चड्डी घाला. आणि कृपा करून रागावू नका, झोपेतला हात मुलाच्या ताब्यात नसतो.

गोळी कोणती आणि किती?

अल्बेन्डाझोल ४०० मिलिग्रॅम किंवा मेबेन्डाझोल ५०० मिलिग्रॅम, एकच मात्रा. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अल्बेन्डाझोलची अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. शाळेत जाणाऱ्या मुलाला वजन पाहून मात्रा कमी-जास्त करावी लागत नाही. औषध जंताच्या पेशींची बांधणीच मोडतं, त्याला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. त्याला वेळ लागतो, म्हणून घेतल्या घेतल्या काही घडत नाही.

सगळ्या जंतांवर गोळी सारखी लागू पडत नाही. अल्बेन्डाझोलच्या एका मात्रेने गोलजंत १०० पैकी ९५ मुलांत पूर्ण जातो, हुकवर्म सुमारे ८० मुलांत आणि व्हिपवर्म जेमतेम ३० मुलांत. व्हिपवर्म निघाला असेल तर डॉक्टर तीन दिवसांचा कोर्स देतात किंवा जोडीला आयव्हरमेक्टिन हे दुसरं जंताचं औषध. ‘एक गोळी घेतली, विषय संपला’ हे गोलजंतापुरतं खरं.

उपाशीपोटी द्यावी लागत नाही. आधी किंवा नंतर जुलाबाचं औषधही नको. ती जुन्या काळच्या विषारी औषधांची गरज होती, ती औषधं गेली तरी सवय राहिली.

गोळी गिळत नाही, रडतो. नाक दाबून देऊ का?

मुळीच नाही. जंताच्या औषधाने नाही, पण घशात अडकलेल्या गोळीने मुलं दगावली आहेत. गोळी चावून खायची असते. लहान मुलाला दोन चमच्यांमध्ये चुरून, थोड्या पाण्यात कालवून, बसवून द्या. रडत असेल तर आज राहू द्या, उद्या द्या. जंत एक दिवस जास्त राहिले म्हणून काही बिघडत नाही.

गोळीनंतर पोट दुखलं, मळमळलं. औषध बाधलं का?

बहुतेक वेळा तो जंत मरण्याचा गोंधळ असतो, म्हणून ज्यांच्या पोटात जास्त जंत त्यांना जास्त त्रास. आडवं करा, पाणी द्या. काही तासांत निवळतं. पुढच्या दोन-चार दिवसांत शौचातून जंत पडला तर ते काम झाल्याचं चिन्ह. अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा उलट्या थांबेनात तर मात्र दवाखाना गाठा.

कोणाला देऊ नये?

ताप असलेल्या किंवा आजारी मुलाला त्या दिवशी नको, बरं झाल्यावर द्या. पूर्वी फिट आलेल्या मुलाबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील तर या औषधाने त्यांच्याभोवती सूज येऊ शकते. आणि नेहमीची औषधं चालू असतील तर तीही सांगा.

तपासणी न करता शाळेतल्या सगळ्यांनाच गोळ्या का?

कारण तपासणीचा खर्च आणि खटाटोप गोळीपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि गोळी निरोगी मुलाला अपाय करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा: ज्या भागात २० टक्के किंवा जास्त मुलांत मातीतले जंत आहेत तिथे वर्षातून एकदा, ५० टक्क्यांपेक्षा जास्त असतील तिथे दोनदा.

दुसरं कारण मला जास्त पटतं. जंत मुलांमध्ये सारखे वाटलेले नसतात. वर्गातल्या बहुतेकांच्या पोटात एकही नाही किंवा दोन-चार, आणि मोजक्या मुलांच्या पोटात सगळ्या वर्गाच्या वाट्याचे. ती मोजकी मुलं कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही, आणि मातीत अंडी टाकणारीही प्रामुख्याने तीच. सगळ्यांना गोळी दिली की तीही सुटत नाहीत आणि कुणावर बोटही रोखलं जात नाही. ज्या भागात जंत फारसे नाहीतच तिथे मात्र सरसकट गोळ्यांना अर्थ नाही.

पण गोळ्यांनी मुलं खरंच हुशार होतात, वाढतात?

यावर तज्ज्ञांत चांगलंच भांडण झालं आहे. केनियातल्या बुसिया जिल्ह्यात १९९८ मध्ये ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने गोळ्या देण्यात आल्या. मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये लिहिलं की गैरहजेरी चौथ्या हिश्शाने घटली, शिवाय शेजारच्या गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला. २०१५ मध्ये त्याच आकड्यांची दुसऱ्यांनी फेरतपासणी केली, चुका दाखवल्या आणि जोरदार वाद पेटला. सरसकट गोळ्या देऊन सरासरी वजन, हिमोग्लोबिन किंवा परीक्षेतले गुण ठळकपणे सुधारल्याचा पुरावा मिळत नाही, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचं म्हणणं आहे.

माझं मत विचाराल तर, सरासरीत खूप काही झाकलं जातं. पोटात दोन जंत असलेल्या पन्नास मुलांना गोळीने फरक पडत नाही आणि साठ जंत असलेल्या एकाला खूप पडतो. एक्कावन्न जणांची सरासरी काढली की तो एक हरवतो. पण गोळी घेतली म्हणजे गणितात पैकीच्या पैकी, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

दर वर्षी गोळी घेतो, तरी परत कसे होतात?

माती तीच, हात तेच. गोळीचा असर काही दिवसांचा, गोलजंताचं अंडं मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आणि एकदा झाले म्हणून पुन्हा न होण्याइतकी प्रतिकारशक्ती येत नाही. म्हणून काही महिन्यांत आकडा पुन्हा वर चढतो.

जपानचं उदाहरण इथे उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सुमारे ६० टक्के लोकांच्या पोटात गोलजंत होते, कारण शेताला माणसाचं मैलाखत घालत. शाळाशाळांतून वर्षातून दोनदा शौच तपासून औषध देणं सुरू झालं, आणि त्याच काळात मैलाखत मागे पडलं, संडास सुधारले. पंचवीस-तीस वर्षांत प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. नुसत्या गोळ्यांनी हे झालं नसतं.

हात सॅनिटायझरने पुसले तर चालतील का?

जंतांसाठी नाही. अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की सॅनिटायझर किंवा पाण्यात टाकलेल्या क्लोरीनने ते मरत नाही. साबणानेही मरत नाही, पण साबण-पाण्याने चोळलं की निसटून वाहून जातं, आणि तेवढंच हवं आहे. वीस सेकंद, नखांच्या खाली, शौचानंतर आणि खाण्याआधी. पिण्याचं पाणी उकळलं तर अंडी मरतात. कच्ची भाजी आणि फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, नुसती बुडवून काढू नका. नखं लहान ठेवा. पेन्सिल चघळण्याची सवय मोडता आली तर उत्तम, मला माझ्या घरात जमलेलं नाही.

मूल माती खातं. जंतांमुळे खातं का?

माती खाल्ल्याने जंत होतात हे नक्की. उलट बाजूने पाहिलं तर माती, खडू, भिंतीचे पोपडे खावेसे वाटणं हे पुष्कळदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं, आणि लोह हुकवर्मने घालवलेलं असू शकतं. हिमोग्लोबिन तपासा. नुसतं जंताचं औषध देऊन थांबलात तर खाणं चालूच राहील. लोहाचं औषध तीनेक महिने द्यावं लागतं.

वर्गात एखाद्या मुलाच्या उलटीतून जंत पडला तर शिक्षकांनी काय करावं?

आधी त्या मुलाला बाहेर न्या. बाकीच्यांचा गलका त्याच्या कानावर पडता कामा नये. मोठेपणीसुद्धा तो दिवस विसरत नाहीत. चूळ भरायला पाणी द्या, बसवा. पोटात जंत खूप असले किंवा अंगात ताप असला की ते वर सरकून तोंडानाकातून बाहेर पडू शकतात, आणि हे दिसतं तितकं भयंकर नसतं. जंत कागदात उचलून संडासात टाका, जागा पुसा, हात धुवा, पालकांना एकट्यात सांगा.

मात्र मुलाचं पोट फुगलेलं आणि टणक लागत असेल, कळा येत असतील, उलट्या थांबत नसतील, शौच आणि वारा दोन्ही बंद असतील, तर जंतांचा गुंता होऊन आतडं तुंबलेलं असू शकतं. तेव्हा घरी पाठवू नका, सरळ रुग्णालयात न्या. त्याला खायला-प्यायला काही देऊ नका, आणि जंताची गोळी तर त्या वेळी मुळीच नको.